घरात इंटरनेट, पण कोणाच्या हाती?
राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५व्या फेरीचा शिक्षणविषयक अहवाल मी अजून हाताशी ठेवतो. २०१७-१८ साली ग्रामीण भागातल्या जेमतेम ४.४ टक्के घरांत संगणक होता, शहरांत २३.४ टक्के घरांत. इंटरनेटची सोय अनुक्रमे १४.९ आणि ४२ टक्के घरांत. अहवाल आला २०१९च्या नोव्हेंबरात. पुढच्या मार्चमध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या आणि वर्ग मोबाइलवर भरू लागले. किती मुलं मागे पडणार, हे सरकारच्याच आकड्यांत आधीच लिहिलेलं होतं! २०२५च्या दूरसंचार सर्वेक्षणानुसार ८६ टक्क्यांहून अधिक घरांत इंटरनेट आहे. प्रगती मोठीच, पण मोजमापाचं एकक आहे ‘घर’. बाप सकाळी फोन खिशात घालून कामावर गेला, की घरी अभ्यासाला बसलेल्या मुलीजवळ काय उरतं? तरीही ते घर ‘इंटरनेट असलेलं’च ठरतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाने २०१९-२१मध्ये माणसागणिक विचारलं, तेव्हा कधीतरी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया ३३ टक्के निघाल्या, पुरुष ५७ टक्के. ही दरी घरं मोजून कधीच दिसली नसती. म्हणून धोरण आखणाऱ्यांनी घराच्या आकड्यावर समाधान मानू नये. आणि सर्वेक्षक तुमच्या दारी आला, तर कृपा करून घाईने ‘हो, आहे’ म्हणून त्याची बोळवण करू नका. घरातल्या बायकामुलींना त्यांची उत्तरं स्वतः देऊ द्या.