कॅन खाली ठेवा

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. पेट्रोल पंपावर माझ्यापुढे एक तरुण उभा होता. स्कूटीच्या पायदानावर प्लास्टिकचा कॅन ठेवलेला आणि कर्मचारी वरून त्यात पेट्रोल सोडत होता. मुलगा माझाच जुना विद्यार्थी. मी म्हटलं, "बेटा, कॅन खाली जमिनीवर ठेव." तो म्हणाला, "सर, मोबाईल बंद केलाय की!"

मी भाषेचा शिक्षक, विज्ञान माझा विषय नाही. तरीही ते उत्तर मला लागलं. कंगवा केसांवर घासून कागदाचे कपटे उचलण्याचा प्रयोग या मुलानं शाळेत केला आहे. मराठीत स्थितिक विद्युत, उर्दूत सुकूनी बर्क. नावात सुकून असला तरी ही वीज शांत नाही. थंडीत स्वेटर काढताना चटचट आवाज येतो, तीच ही वीज.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती कॅनच्या तोंडाशी रेंगाळते. ती पेटायला साधारण पाव मिलिज्यूल ऊर्जा पुरते. बोटाला जेमतेम चटका जाणवेल एवढ्या ठिणगीतही याहून जास्त ऊर्जा असते.

मग रोज इतक्या गाड्या भरतात, त्या का पेटत नाहीत? कारण तिथे जोडणी आधीच केलेली असते. नोझलची धातूची नळी टाकीच्या तोंडाला टेकते, पाइपमधून वीज वाहून जाण्याची सोय असते आणि पंपाला अर्थिंग असतं. टायरच्या रबरातही काजळी मिसळलेली असते, म्हणून गाडीवर साचलेला भार जमिनीत उतरत राहतो. साध्या गाडीला वेगळी साखळी लोंबवायची गरज पडत नाही. टँकर रिकामा करताना मात्र हजारो लिटर इंधन वाहतं, म्हणून आधी अर्थिंगच्या वायरचा चिमटा लावतात आणि मगच झडप उघडतात.

थोडक्यात, गाडीची टाकी जमिनीशी जोडलेली असते. पायदानावरचा कॅन नसतो. वाहत्या पेट्रोलमुळे निर्माण झालेला भार त्यात साचत जातो आणि धातूची नोझल जवळ आली की ठिणगी उडू शकते. टेम्पोच्या हौद्यात, रबरी मॅटवर ठेवून भरलेल्या कॅनचंही तेच.

अमेरिकेत बहुतेक ठिकाणी गिऱ्हाईक स्वतःच पेट्रोल भरतं. तिथल्या पेट्रोलियम इक्विपमेंट इन्स्टिट्यूटनं अशा आगींच्या नोंदी गोळा केल्या. अनेक घटनांत एकच चूक दिसली. नोझल लावून माणूस परत गाडीत बसला, उतरताना कपडे सीटवर घासले गेले आणि त्यानं थेट नोझलला हात घातला. आधी गाडीच्या पत्र्याला हात लावला असता तर भार तिथेच उतरला असता. मोबाईलमुळे आग लागल्याचा पक्का पुरावा मात्र त्या नोंदींत सापडला नाही.

मोबाईल वापरा असं मी म्हणत नाही. पंपावर लक्ष पंपाकडेच हवं. पण मोबाईलचा फलक प्रत्येक पंपावर दिसतो आणि 'कॅन जमिनीवर ठेवा' हे क्वचितच कुठे लिहिलेलं असतं. शेतातलं इंजिन, जनरेटर, रस्त्यात बंद पडलेली दुचाकी, यांच्यासाठी आपली माणसं रोज कॅन नाहीतर पाण्याची बाटली घेऊन पंपावर जातात. त्यांना हे कुणी सांगायचं?

आपणच सांगायचं. पाण्याच्या बाटलीत पेट्रोल घेऊ नका. पेट्रोलसाठी बनवलेला कॅनच वापरा. तो गाडीवरून उतरवून जमिनीवर ठेवा. नोझल कॅनच्या तोंडाला टेकलेली राहू द्या आणि धार सावकाश सोडायला सांगा. यातल्या बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही.

त्या मुलाला दोष देऊन मी मोकळा होऊ शकत नाही. कंगव्याच्या प्रयोगाला आम्ही गुण दिले आणि धडा संपवला. कंगव्यापासून पेट्रोल पंपापर्यंतचा रस्ता वर्गात कुणी दाखवलाच नाही. यंदा तो प्रयोग होईल तेव्हा विज्ञानाच्या बाईंकडे पाच मिनिटं मागून घेणार आहे.

त्या दिवशी मुलानं कॅन खाली ठेवला. पटलं म्हणून नव्हे, सरांचा मान राखायचा म्हणून. पुढच्या वेळी सर तिथे नसतील. तेव्हाही कॅन खाली ठेवला गेला, तर शिकवलं असं म्हणता येईल.