रक्त की संगत?

परवा लष्करात एका स्नेह्यांकडे मुंज होती. पंगती उठल्यावर चांदीचे एक फुलपात्र सापडेना. भांडी घासायला आलेला पोरगा एका भटक्या जमातीतला. साहजिकच सर्वांच्या नजरा त्याच्याकडे वळल्या. एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, “यांच्या रक्तातच असते ते.” घटकाभराने फुलपात्र माजघरात सापडले. त्या पोराची क्षमा मात्र कोणी मागितली नाही, मीही नाही.

हे ‘रक्त’ आपल्या भाषेत कायद्याने रुजविलेले आहे. इंग्रज सरकारने १८७१ साली कायदा करून जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरविल्या. १९५२ साली तो कायदा रद्द झाला. आपल्या जिभेवरून तो अजून उठलेला नाही.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ एडविन सदरलंड यांनी या समजुतीला उलटे उत्तर दिले. गुन्हा शिकावा लागतो, आणि तो निकटच्या माणसांत वावरताना शिकला जातो, हा सिद्धान्त त्यांनी १९३९ साली मांडला व १९४७ साली नऊ सूत्रांत बांधला. कुलूप कसे फोडावे एवढेच मनुष्य शिकत नाही. ते फोडण्यात वावगे काही नाही, हे समर्थनही शिकतो. १९६६ साली बर्जेस आणि एकर्स यांनी पुस्ती जोडली, की कृत्याला मिळणारी शाबासकी अथवा शिक्षा हीही गुरूचेच काम करते.

आपणां ग्वाल्हेरकरांना याचे उदाहरण दूर शोधावयास नको. चंबळेच्या बेहडांत उतरलेल्या माणसाला भिंड-मुरैनेकडे डाकू म्हणत नाहीत, बागी म्हणतात. लहानपणापासून तो शब्द आदराने उच्चारलेला ऐकला, की सूड हे कर्तव्य वाटू लागते. तरीही १९६० साली विनोबांपुढे अनेकांनी शस्त्रे ठेविली, आणि १९७२ साली जयप्रकाशांच्या प्रयत्नाने जौऱ्याला गांधीजींच्या तसबिरीपुढे बंदुकांचा ढीग पडला. रक्त तेच होते; बोलणारी माणसे निराळी होती.

सारख्या स्वभावाची माणसे आपोआप एकत्र येतात, मग दोष संगतीचा कसा, असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य आहे. एकाच घरातले दोन भाऊ दोन वाटांनी जातात, हेही खरे. परंतु नुसत्या शिक्षेनेही भागत नाही. आल्बर्ट बांडुरा यांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, बाहुल्याला बडविणारा मोठा माणूस मुलांना चित्रपटात दाखविला होता. त्याला शिक्षा झालेली ज्यांनी पाहिली, त्या मुलांनी त्याचे अनुकरण कमी केले. पुढे बक्षीस देऊ करताच त्यांनीही इतरांइतकेच करून दाखविले. धाकाने हात थांबला होता, धडा पुसला गेला नव्हता.

म्हणूनच ती दुपार मनातून जात नाही. सकाळी बटूला गायत्रीचा उपदेश झाला. दुपारी आम्ही वडील मंडळींनी, माणूस जातीवरून ओळखावा, हा दुसरा उपदेश केला. आणि त्या पोराला काय शिकविले? प्रामाणिक राहूनही चोरच ठरावयाचे, तर प्रामाणिकपणाचा लाभ काय, हेच ना? उद्या तो खरोखर वाकड्या वाटेने गेला, तर त्याच्या गुरूंच्या यादीत माझेही नाव धरावे लागेल.