उकाड्याची सवय कायमची नसते

नेदरलँड्समध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांकडून येणारी एक बातमी दर जुलैत इकडच्या नातेवाइकांत हशा पिकवते. तिकडे पारा ३१ वर गेला, उष्म्याचा इशारा निघाला आणि शेजारच्या एकट्या राहणाऱ्या डच आजी पाणी पितात ना, हे पाहायला कोणी तरी जाऊन आले! द्रोणागिरीत मे महिन्याची दुपार पंख्याखाली काढणाऱ्या काका-काकूंना हे निव्वळ लाड वाटतात. ‘आपल्याला सवय आहे’ हे त्यांचे ठरलेले वाक्य. आरोग्याच्या दृष्टीने हेच वाक्य धोक्याचे आहे.

डच हवामान संस्थेच्या व्याख्येनुसार डे बिल्ट येथील केंद्रावर सलग किमान ५ दिवस कमाल तापमान २५ अंश किंवा अधिक आणि त्यांपैकी किमान ३ दिवस ३० अंश किंवा अधिक राहिले, की ती उष्णतेची लाट. आपला हवामान विभाग किनारपट्टीवर ३७ अंशांपासून पुढे, तेही तापमान सरासरीहून किमान साडेचार अंशांनी वाढले तर लाट मानतो. या फरकाला कारणे आहेत. डच घरे ऊब धरून ठेवण्यासाठी बांधलेली असतात. मोठ्या काचा, बंदिस्त भिंती, छताला पंखा नाही. जूनमध्ये सूर्य रात्री १० च्या सुमारास मावळतो, त्यामुळे घराला निवायला वेळच मिळत नाही.

दुसरे कारण शरीरात आहे. उकाड्याची सवय म्हणजे शरीराने केलेली तात्पुरती तयारी. रोज उष्णतेत वावरल्यावर साधारण एक-दोन आठवड्यांत घाम लवकर आणि जास्त येऊ लागतो, घामावाटे मीठ कमी जाते, रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते आणि हृदयावरचा ताण उतरतो. थंड हवेत काही आठवडे काढले, की ही तयारी ओसरते. उरणमध्ये वाढलेला तरुणही आम्स्टेलवेनमध्ये एक हिवाळा काढल्यावर उष्णतेच्या बाबतीत नवखाच असतो.

हे लक्षात घ्यायचे कारण तिकडच्या शाळांच्या सुट्ट्यांत आहे. एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीला तिथे शाळांना सुट्टी असते आणि अनेक कुटुंबे तेव्हाच गावी येतात, म्हणजे कोकणातला घामाचा हंगाम ऐन भरात असताना. आल्याच्या दुसऱ्या दिवशी भर दुपारी लग्नाला उभे राहणे किंवा मुलांना उन्हात खेळायला सोडणे शहाणपणाचे नाही. पहिला आठवडा बेताने घ्यावा. सत्तरीच्या आजोबांना जितके जपतो, तितकेच या पाहुण्यांना जपावे.

डचांनाही हे शहाणपण ठेच लागल्यावर आले. नायमेखन शहरात दर जुलैत चार दिवसांची प्रसिद्ध पदयात्रा भरते. २००६ मध्ये पहिल्याच दिवशी कडक उन्हात दोघांचा मृत्यू झाला आणि उरलेले दिवस रद्द करण्यात आले. पुढच्या वर्षी, २००७ मध्ये, देशाचा उष्णता आराखडा तयार झाला. त्यात भारी यंत्रे नाहीत. उकाडा येणार असे दिसले, की आरोग्य संस्था, वृद्धाश्रम, घरी जाऊन शुश्रूषा करणारे आणि स्वयंसेवक यांना निरोप जातो. कोणाकडे लक्ष द्यायचे, हे आधीच ठरलेले असते.

नवी मुंबईला लागलेली ठेच याहून मोठी होती. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानात महाराष्ट्र भूषण पुरस्कार सोहळ्यात तासन्‌तास उन्हात बसलेल्यांपैकी १४ जण दगावले. ते याच हवेतले, याच उन्हाची ‘सवय’ असलेले होते.

द्रोणागिरीत धोका नुसत्या पाऱ्यावरून कळत नाही. खाडी आणि समुद्र जवळ असल्याने हवा दमट असते. घाम वाळला नाही तर शरीर थंड होत नाही, म्हणून ३४ अंशांतही अंगाला चाळिशीपार वाटते. हवामान विभाग कोकणासाठी उष्ण व दमट हवेचा इशारा देतो आणि तो मोबाइलवर पोचतोही. त्यापुढे काय? बंदराच्या रस्त्यावर रांगेत अडकलेल्या ट्रकच्या तापलेल्या केबिनमधला चालक, कंटेनर यार्डातला हमाल, नव्या इमारतींच्या स्लॅबवरचा मजूर यांच्यापर्यंत पाणी आणि सावली कोण नेणार?

सिडकोने नवी मुंबई वसवताना भरतीचे पाणी अडवण्यासाठी डच धर्तीवर धारण तलाव बांधले. उष्णतेसाठी तर इतक्या लांब पाहायचीही गरज नाही. अहमदाबादने २०१३ मध्येच स्वतःचा कृती आराखडा केला. द्रोणागिरीत सिडको, बंदर आणि ठेकेदारांनी मिळून इशाऱ्याच्या दिवशी दुपारी १२ ते ४ अंगमेहनतीचे काम थांबवावे, ट्रकतळांवर सावली आणि पिण्याचे पाणी ठेवावे. सोसायट्यांनी एकट्या वृद्धांची यादी करून दुपारी एक फेरी मारावी.

आणि प्रत्येकाला एवढे माहीत असावे: उन्हात कोणी असंबद्ध बोलू लागला, भोवळ येऊन पडला आणि अंग तापलेले असेल, तर तो उष्माघात समजावा. घाम येत असला तरीही. १०८ ला फोन करावा, सावलीत नेऊन कपडे सैल करावेत, अंगावर पाणी ओतून वारा घालावा. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये. रुग्णवाहिका येण्याची वाट पाहत थांबू नये, अंग थंड करणे लगेच सुरू करावे. पहिल्या अर्ध्या तासावर जीव अवलंबून असतो.