छत्रीची दिशा जुळली, पीळ राहिला

चिखली-मेहकरकडे डिशची छत्री बसवताना दिशा नीट जुळवतात, छत्रीसमोरच्या एलएनबीचा (सिग्नल पकडणाऱ्या डबीचा) पीळ मात्र अंदाजाने ठेवतात. आयटीआयच्या विद्यार्थ्यांना ध्रुवण याच पिळावरून शिकवावे. अँटेनाच्या दांडीत इलेक्ट्रॉन ज्या रेषेत मागेपुढे होतात, त्याच रेषेत लहरीचे विद्युतक्षेत्र डोलते; हेच तिचे ध्रुवण. ती लहर पकडणारी दांडीही त्याच रेषेत हवी. एलएनबीत म्हणून काटकोनात दोन बारीक दांड्या असतात. १३ व्होल्टला उभी लहर निवडली जाते, १८ ला आडवी. फ्री डिशचा जीसॅट-१५ हा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, बुलढाण्याच्या बराच पूर्वेला आहे. त्यामुळे त्याची ‘उभी’ लहर इथे तिरकी पोहोचते, आणि एलएनबीलाही तेवढाच पीळ द्यावा लागतो.

‘मीटरवर सिग्नल भरपूर दिसतो, मग पिळाची उठाठेव कशाला?’ हा आक्षेप वरवर रास्त आहे. दहा अंश चुकल्यास शक्ती जेमतेम ३ टक्के घटते. पण तेवढीच ३ टक्के शक्ती दुसऱ्या ध्रुवणातून आत शिरते, आणि त्याच वारंवारतेवर तिथे वेगळे प्रक्षेपण असेल तर ती निव्वळ गोंगाट ठरते. स्वच्छ आकाशात हे खपते. पावसाळी ढगांनी मूळ सिग्नल दुबळा केला की चित्राचे तुकडे होतात. दोष मात्र पावसालाच!