भाड्याचा सिनेमा, मालकीचा सिनेमा

एक सोपा प्रश्न. तुमच्याकडे सिनेमे किती आहेत? बघून झालेले सोडा, 'वॉचलिस्ट'मध्ये टाकून विसरलेले तर सोडाच. नेट बंद पडलं, सबस्क्रिप्शन संपलं, ॲपवाल्यांचं निर्मात्याशी फाटलं, तरी शनिवारी रात्री लावून बघता येतील असे, तुमच्या मालकीचे सिनेमे किती? मोजा, मोजा. बहुतेकांचा आकडा शून्यावरच थांबेल.

त्यात लाजण्यासारखं काही नाही, बरं का. फ्लॅट भाड्याचा, बाइक ईएमआयवर, गाणी ॲपवर... मग सिनेमाच तेवढा मालकीचा कशाला हवा? पण हा शून्य आला कुठून, ती गोष्ट एकदम फिल्मी आहे. तिच्यात मारामारी आहे, अठ्ठावीस रुपयांचा हीरो आहे आणि शेवटी चक्क एक अ‍ॅग्रीमेंटही आहे.

दोघांचं भांडण

साल २००६. जाडजूड टीव्ही जाऊन भिंतीवर चपटे टीव्ही यायला लागले होते. आपल्याकडच्या डीव्हीडीच्या चित्रात ५७६ आडव्या ओळी असायच्या, हाय डेफिनिशनमध्ये १०८०. ही नवी भूक भागवायला एकाच वर्षी दोन चकत्या बाजारात उतरल्या. तोशिबाची एचडी डीव्हीडी आणि सोनीच्या गटाची ब्लू-रे. दिसायला जुळ्या बहिणी, पण एकीचा प्लेअर दुसरीला हात लावायचा नाही! एचडी डीव्हीडीच्या दोन थरांत ३० जीबी मावायचे, ब्लू-रेच्या दोन थरांत ५०. अमेरिकेत तोशिबाचा पहिला प्लेअर ४९९ डॉलरला मिळत होता आणि सॅमसंगचा पहिला ब्लू-रे प्लेअर ९९९ डॉलरला. सरळ दुप्पट.

आता सांगा, कोण जिंकायला हवं होतं? स्वस्तवाला ना? नोव्हेंबर २००७ मध्ये तर वॉलमार्टनं एचडी डीव्हीडीचा प्लेअर १०० डॉलरच्याही खाली आणून विकला. तरी तोशिबाच हरली. कारण सोनीनं नोव्हेंबर २००६ पासून प्लेस्टेशन ३ मध्येच ब्लू-रेचा ड्राइव्ह बसवून दिला होता. लोकांनी डबा आणला गेम खेळायला आणि त्यातून ब्लू-रे गुपचूप दिवाणखान्यात शिरली. ४ जानेवारी २००८ ला वॉर्नर ब्रदर्सनं फक्त ब्लू-रेची बाजू घेतली आणि १९ फेब्रुवारीला तोशिबानं गाशा गुंडाळला.

ब्लू-रे जिंकली. पेढे वाटायचे तेवढे राहिले होते. पण दोघांचं भांडण आणि तिसऱ्याचा लाभ हे काय आपल्याला कुणी शिकवायला हवं? हे दोघं एकमेकांच्या झिंज्या उपटत असताना, जानेवारी २००७ मध्ये, पोस्टानं डीव्हीडी भाड्यानं देणाऱ्या नेटफ्लिक्स नावाच्या कंपनीनं इंटरनेटवरून सिनेमा दाखवायला सुरुवात केली होती.

चालतंय की!

आपल्याकडे तर मारामारीच वेगळी होती. त्याच २००७ मध्ये मोझर बेअर या कोऱ्या चकत्या बनवणाऱ्या कंपनीनं सिनेमे विकायला काढले. व्हीसीडी २८ रुपये, डीव्हीडी ३४ रुपये! मल्टिप्लेक्सच्या एका तिकिटात घरी अख्खा स्टॉक. व्हीसीडीचं चित्र होतं अवघं ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं. पाऊस पडला की पडद्यावर चौकोन नाचायचे आणि ऐन मोक्याला उठून दुसरी चकती घालावी लागायची. पण तक्रार कुणी केली? 'चालतंय की!' म्हणत सगळं घर परत सतरंजीवर.

डाउनलोडचं गणितही असंच. सरकारच्या २००४ च्या धोरणानुसार २५६ केबीपीएस म्हणजे ब्रॉडबँड. त्या वेगानं ५० जीबीची भरलेली ब्लू-रे उतरवायला किती वेळ लागला असता? न थांबता अठरा दिवस! तेच सिनेमा पिळून ७०० एमबीचा केला, की सहा तास. काही प्लॅनमध्ये रात्री दोन ते सकाळी आठ डेटा फुकट असायचा. म्हणजे बरोब्बर एक सिनेमा. झोपताना लावा, ऑफिसला निघताना तयार. माल बहुतेक चोरीचा, चित्र धुरकट, सबटायटल्स भलत्याच भाषेत... पण चालतंय की!

ब्लू-रेला खरी भिडली ती ही दोन शब्दांची फिलॉसॉफी. जास्त चांगलं दिसावं म्हणून जास्त पैसे देणारे हौशी लोक नेहमी मूठभरच असतात. बाकीच्यांना सिनेमा स्वस्त आणि लगेच हवा असतो. नेटफ्लिक्स जानेवारी २०१६ मध्ये भारतात आलं, त्याच सप्टेंबरमध्ये जिओ आलं आणि डेटाची चिंताच मिटली. डिसेंबर २०२१ मध्ये नेटफ्लिक्सनं मोबाइलचा प्लॅन महिना १९९ वरून १४९ रुपयांवर आणला. परदेशातून मागवलेल्या एका डिस्कच्या किमतीत कित्येक महिन्यांची सोय! सांगा, कोण घेणार चकती?

चित्रात मात्र चकतीच बॉस

फेअर असायचं तर हेही सांगायला हवं. २०१६ मध्ये आलेल्या ४के अल्ट्रा एचडी ब्लू-रेवर ६६ किंवा १०० जीबी मावतात. नेटफ्लिक्सच्याच हिशेबानं त्यांचं ४के चित्र तासाला फार तर ७ जीबी डेटा घेतं, म्हणजे दोन तासांच्या सिनेमाला १४ जीबी. पडद्यावर '४के' दोघांच्याही लिहिलेलं असतं, पण एकाकडे दूध आहे आणि दुसऱ्याकडे पाणी घातलेलं दूध. अंधाराचे, धुक्याचे, धुराचे सीन बघा, फरक लगेच कळतो. आवाजात तर आणखीच.

पण हा फरक कुठे कळतो? मोठ्या टीव्हीवर, बऱ्या स्पीकरवर, दिवे मालवून. सहा इंची फोनवर, विरार फास्टमध्ये, कुणाच्या तरी बॅगेच्या वरून बघताना? सॉरी बॉस. तिथे १४९ रुपयेच जिंकणार.

अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट

मग विषय संपला? इथेच खरा सुरू होतो. भाड्यानं राहणाऱ्या प्रत्येकाला 'लीव्ह अँड लायसन्स' माहीत असतं. अकरा महिने राहा, पैसे भरा, भिंतीला खिळा ठोकू नका आणि मालकानं सांगितलं की निघा. महिन्याच्या सबस्क्रिप्शनचं असंच असणार, ते आपण धरूनच चालतो. पण ऑनलाइन 'बाय'चं बटण दाबून, पूर्ण किंमत मोजून 'विकत' घेतलेला सिनेमा? तोही बहुतेक वेळा लायसन्सवरच असतो!

खोटं वाटतं? ऑगस्ट २०२२ च्या अखेरीस जर्मनी आणि ऑस्ट्रियातल्या प्लेस्टेशनच्या गिऱ्हाइकांच्या लायब्ररीतून स्टुडिओकॅनालचे शेकडो सिनेमे काढून घेतले गेले, पैसे भरून घेतलेले. डिसेंबर २०२३ मध्ये डिस्कव्हरीच्या विकत घेतलेल्या कार्यक्रमांवर तीच पाळी आली होती. ओरडा झाला, कंपन्यांचा नवा करार झाला, म्हणून ते वाचले. शेवटी कॅलिफोर्नियानं कायदाच केला. १ जानेवारी २०२५ पासून तिथल्या दुकानदाराला, गिऱ्हाइकाला फक्त लायसन्स मिळतंय हे स्पष्ट सांगितल्याशिवाय 'बाय' म्हणून विकता येत नाही. चकतीला ही भानगडच नाही. ती कपाटात आहे तोवर तुमची. मित्राला द्या, सेकंडहँड विका, पुतण्याला वाढदिवसाला द्या. विचारणार कोण?

आणि हा नुसता पैशांचा प्रश्न नाही. १४ मार्च १९३१ ला गिरगावच्या मॅजेस्टिक टॉकीजमध्ये 'आलम आरा' लागला. भारताचा पहिला बोलपट. आज त्याची एकही प्रत शिल्लक नाही. एकसुद्धा नाही! मोजक्याच प्रती असल्या, त्याही मोजक्याच हातांत, की हे असं होतं. अठ्ठावीस रुपयांच्या त्या भंगार चित्राच्या व्हीसीडीनं एक मोठं काम केलं, आपला सिनेमा लाखो घरांच्या ड्रॉवरमध्ये पसरवला. आता तो पुन्हा मोजक्या कंपन्यांच्या सर्व्हरवर गोळा होतोय.

मग करायचं काय?

बाजार म्हणून चकती हरली, यात शंका नाही. मोझर बेअर २०१८ मध्ये दिवाळखोरीत मोडीत निघाली. सॅमसंगनं २०१९ मध्ये नवे ब्लू-रे प्लेअर काढणं थांबवलं. नेटफ्लिक्सनं पोस्टानं डीव्हीडी पाठवणं २९ सप्टेंबर २०२३ ला बंद केलं. पण त्याच नोव्हेंबरमध्ये 'ओपनहायमर'ची ४के डिस्क आली आणि अमेरिकेत पहिल्याच आठवड्यात अनेक दुकानांतून संपली. हौशी लोक आहेत अजून. चकतीला आता रोज नेसायचा कुर्ता व्हायचंच नाहीये, ती पैठणी झाली आहे. एखादीच घ्यायची, जपून ठेवायची.

सो, तीन कामं. एक, जे सिनेमे पुन्हा बघायला मिळाले नाहीत तर खरंच जीव तुटेल, अशा दहा सिनेमांची यादी करा. तेवढेच चकतीवर शोधा. साध्या ब्लू-रेला रीजन कोड असतो, भारताचा सी आणि अमेरिकेचा ए, तेव्हा मागवण्याआधी बघून घ्या. ४के डिस्कला ती कटकट नाही. दोन, प्लेअरसाठी वेगळा खर्च नको असेल तर डिस्क ड्राइव्ह असलेल्या प्लेस्टेशन ५ वर ४के डिस्क चालते, डिजिटल एडिशनच्या नुसत्या डब्यावर नाही. तीन, आणि हे आधी करा. आईबाबांच्या कपाटातल्या चकत्या भंगारवाल्याला देण्याआधी चाळा. त्यात ताईच्या लग्नाची, तुमच्या मुंजीची, आजीच्या पंच्याहत्तरीची व्हीसीडी असेल. ती कुठल्याच ॲपवर येणार नाहीये. जुन्या चकत्या खराब होतात आणि नव्या लॅपटॉपला ड्राइव्हच नसतो. बाहेरून लावायचा ड्राइव्ह आणा, या वीकेन्डला कॉपी करा आणि दोन ठिकाणी ठेवा.

बाकीचे हजारो सिनेमे खुशाल भाड्यानं बघा. फक्त अ‍ॅग्रीमेंट कुणाच्या नावावर आहे ते लक्षात असू द्या. घर खाली करायचं असेल तर घरमालक निदान महिनाभर आधी फोन करतो. सिनेमा गेल्याचं मात्र आपल्याला बहुतेक वेळा शुक्रवारी रात्री, पिझ्झा आल्यावरच कळतं.