अभ्यासिकांच्या खिडक्या आजच उघडा!

कोल्हापुरातील पालक, विद्यार्थी आणि अभ्यासिकाचालकहो,

पावसाने जोर धरला की घरोघरी खिडक्या बंद होतात. एसी बसवलेल्या अभ्यासिकांत तर त्या बारा महिने बंद असतात. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी पोरं सकाळपासून रात्रीपर्यंत तिथंच बसतात. डोकं जड होतं, जांभया येतात, वाचलेलं लक्षात राहत नाही. दोष मात्र आपण पोरांच्या आळसाला देतो.

भिंतीवरचा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही. खोलीतलीच हवा गार करून पुन्हा फिरवतो. २० बाय १५ फुटांची, १० फूट उंचीची खोली आणि आत २० जण असे धरा. सगळे घट्ट बंद असेल, तर त्यांच्या श्वासानेच कार्बन डायऑक्साइड दहा मिनिटांत १,००० पीपीएमवर जातो. बाहेरच्या हवेत तो सव्वाचारशेच्या आसपास असतो. त्यात एकाला क्षय किंवा फ्लू असेल, तर धोका सगळ्यांनाच.

‘हरित इमारत’ अशी पाटी असली तरी गाफील राहू नका. वीज वाचवण्यासाठी इमारत हवाबंद केली आणि बिलाच्या धास्तीने बाहेरची हवा घेणारी यंत्रणाही बंद ठेवली, तर ती पाटी नुसती शोभेची. हार्वर्डच्या संशोधकांनी २४ जणांवर केलेला प्रयोग २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीच्या ऑफिससारख्या हवेपेक्षा हरित इमारतीसारख्या हवेत त्यांचे विचारशक्तीच्या चाचणीतील गुण सरासरी ६१ टक्क्यांनी जास्त आले. बाहेरची हवा आणखी वाढवल्यावर १०१ टक्क्यांनी.

म्हणून कळकळीची विनंती:

• चालकांनी समोरासमोरच्या खिडक्या थोड्या तरी उघड्या ठेवाव्यात, एक्झॉस्ट फॅन लावावा आणि हवा आत यायला वाट ठेवावी.
• कार्बन डायऑक्साइडचा मीटर सर्वांना दिसेल असा लावावा. आकडा हजारावर गेला की खिडक्या उघडाव्यात किंवा माणसे कमी करावीत.
• रस्त्याची धूळ किंवा पाचट जाळल्याचा धूर येत असेल, तर मागच्या बाजूची खिडकी उघडावी.
• पालकांनी फी भरण्यापूर्वी विचारावे, “इथे बाहेरची हवा कुठून येते?”

राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून या शहरात गोरगरिबांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी केली. त्याच शहरात शिकायला आलेल्या पोरांना निदान स्वच्छ हवा तरी मिळू द्या. खिडकी उघडायला ना परवानगी लागते, ना पैसा. उद्यावर ढकलू नका.