शुल्क माफ, भाकरीचे काय?

बारावीचा निकाल आणि प्रवेशपरीक्षांचे गुण हाती आले, की महाराष्ट्रातील असंख्य घरांत कागद-पेन्सिल घेऊन एक हिशेब मांडला जातो. एका बाजूला शिक्षकाचा, कारकुनाचा किंवा एस.टी.तील वाहकाचा पगार असतो. दुसऱ्या बाजूला पतसंस्थेचा हप्ता, वृद्धांचे औषधपाणी, धाकट्या भावंडाची शाळा आणि आता थोरल्या मुलाचे वा मुलीचे महाविद्यालय. या हिशेबाची सार्वजनिक चर्चा होते ती बहुधा शुल्कापुरती. शुल्क किती वाढले, ते कोणी वाढविले, कोणाला माफ झाले, एवढ्यावर वाद रंगतात आणि तेथेच मिटतात. वस्तुतः बेताच्या उत्पन्नाचे घर ज्या खर्चाने खचते, त्यातील मोठा भाग शुल्काच्या पावतीवर कधी उमटतच नाही. या साध्या गोष्टीची दखल शासनाच्या धोरणाने अद्याप पुरेशी घेतलेली नाही.

शुल्काच्या बाबतीत महाराष्ट्राने काहीच केले नाही, असे कोणी म्हणणार नाही. राज्याच्या स्थापनेच्या सुमारासच आर्थिकदृष्ट्या मागासलेल्या घरांतील मुलांना शुल्कात सवलत देण्याचे धोरण येथे आले आणि ‘ई.बी.सी.’ ही तीन अक्षरे खेड्यापाड्यांतील पालकांच्या तोंडी रुळली. त्या सवलतीवर एक अख्खी पिढी पदवीधर झाली. पुढे १९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी व वैद्यकीय महाविद्यालयांना दार उघडले. जागा वाढल्या, जिल्ह्याजिल्ह्यांत महाविद्यालये उभी राहिली. मात्र त्यांचा भार पालकांच्या खिशावर आला. देणग्यांचा सुळसुळाट इतका झाला की, १९८७ मध्ये त्यांच्याविरुद्ध कायदा करावा लागला, आणि २०१५ मध्ये विनाअनुदानित व्यावसायिक संस्थांतील प्रवेश व शुल्क यांच्या नियमनासाठी आणखी एक कायदा आला. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून तर, वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या पात्र घरांतील ज्या मुलींना केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश मिळतो, त्यांचे शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क पूर्ण माफ करण्याचा निर्णय झाला. हा निर्णय स्वागतार्हच आहे, आणि त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही.

परंतु शुल्क माफ झाले म्हणजे शिक्षण फुकट झाले, हा समज खरा नव्हे. लातूर जिल्ह्यातील एखाद्या तालुक्याच्या गावी राहणाऱ्या मुलीला पुण्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयात जागा मिळाली, असे समजा. शिक्षणशुल्क शून्य. मात्र कॉट बेसिसवर घेतलेल्या जागेचे भाडे, त्यासाठीची अनामत रक्कम, दोन वेळची खानावळ, बसचा पास, पुस्तके, लॅपटॉप, दिवाळी-उन्हाळ्याचे गावी जाणे-येणे, आणि महाविद्यालयाकडून शिक्षणशुल्काखेरीज निरनिराळ्या नावांनी घेतल्या जाणाऱ्या रकमा, हे सारे उरतेच. काटकसरीने महिन्याला ८ हजार रुपये धरले, तरी १० महिन्यांचे ८० हजार आणि चार वर्षांचे ३ लाख २० हजार होतात. ज्या घरात महिन्याला २५ हजार रुपये येतात, तेथे जवळजवळ एक तृतीयांश प्राप्ती एका मुलीच्या राहण्याजेवण्यावर जाईल. मग घरात कोणी मोठ्याने काही न बोलता निर्णय होतो. मुलगी गावाजवळच्या महाविद्यालयात पदवीला जाते. पुण्याची जागा सोडून दिली जाते. दोन वर्षांनी धाकट्या भावाची वेळ आली की मात्र पतसंस्थेचे कर्ज निघते, प्रसंगी आईच्या पाटल्याही मोडल्या जातात. सोडलेल्या जागेची नोंद सरकारी कागदांत होते, पण ती का सोडली गेली, याचा रकाना कोणत्याच अर्जात नसतो.

विशेष हे की, आपल्या पूर्वसुरींना ही गोष्ट पक्की ठाऊक होती. राजर्षी शाहू महाराजांनी बहुजनांच्या शिक्षणाचा प्रश्न हाती घेतला, तेव्हा १९०१ पासून कोल्हापुरात एकामागून एक वसतिगृहे उभी केली. शाळा होत्या, पण खेड्यातून आलेल्या मुलाने रात्री पाठ कोठे टेकायची आणि सकाळी काय खायचे, हा प्रश्न सुटल्याखेरीज त्या शाळांचा त्याला उपयोग नाही, हे त्यांनी ओळखले होते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह काढले. त्या मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने आणि अखेर मंगळसूत्रही दिले, ही हकिगत महाराष्ट्रात घरोघरी सांगितली जाते. ‘कमवा व शिका’ ही योजना त्याच जाणिवेतून आली. पुण्यात वार लावून वा माधुकरी मागून शिकण्याची जुनी परंपरा होती. स्वातंत्र्यानंतरच्या काळात तिच्या जागी मान राखणारी व्यवस्था हवी, म्हणून १९५५ मध्ये विद्यार्थी सहाय्यक समितीसारखी संस्था निघाली. या साऱ्यांच्या लेखी भाकरी हे शिक्षणाचे पहिले शुल्क होते. आजच्या व्यवस्थेने दुसरे शुल्क भरण्याची जबाबदारी घेतली आणि पहिले पुन्हा घरावर सोपविले.

निवास-भोजनासाठी शासनाच्या योजना नाहीत असे नाही. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. इतर समाजघटकांसाठीही याच धर्तीच्या योजना निघाल्या. स्वाधारसाठी मोठ्या शहरांकरिता वर्षाला ६० हजार, म्हणजे महिन्याला ५ हजार रुपये ठरविण्यात आले. पुण्या-मुंबईत तेवढ्यात खाट आणि खानावळ दोन्ही भागवून दाखवावीत! रकमेपेक्षाही मोठी अडचण वेळेची आहे. घरमालकाला भाडे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात द्यावे लागते, खानावळवाला पैसे आगाऊ मागतो. शासनाचा हप्ता मात्र अर्ज, पडताळणी, त्रुटी, पुन्हा पडताळणी अशा मार्गाने सावकाश येतो. मधल्या महिन्यांची तोंडमिळवणी बाप पतसंस्थेच्या तातडीच्या कर्जातून करतो. ज्या साहाय्याची वाट पाहताना कर्ज काढावे लागते, ते साहाय्य कागदावर पूर्ण असले तरी व्यवहारात अर्धेच म्हटले पाहिजे.

उत्पन्नाच्या मर्यादेचीही एक गोष्ट आहे. ८ लाखांची रेषा ओलांडणारा वर्ग श्रीमंत आहे, असे कोणी मानू नये. बरीच वर्षे नोकरी झालेला माध्यमिक शिक्षक, किंवा दोघेही कारकुनी करणारे पतिपत्नी ती रेषा थोडक्या फरकाने ओलांडतात, आणि एवढ्याच फरकाने त्यांची सारी सवलत जाते. रेषेच्या अलीकडे सर्व आणि पलीकडे शून्य, ही रचना न्यायाची नव्हे. शिवाय या वर्गाचा जुना आधारही विरत चालला आहे. पूर्वी सरकारी नोकर मुलांच्या शिक्षणासाठी भविष्य निर्वाह निधीतून रक्कम काढी, कारण म्हातारपणासाठी निवृत्तिवेतन निश्चित असे. १ नोव्हेंबर २००५ पासून राज्य शासनाच्या सेवेत आलेल्यांना ती जुनी व्यवस्था राहिली नाही, आणि त्यांचीच मुले आता महाविद्यालयाच्या दारात उभी आहेत. अशा वेळी साठविलेल्या रकमेला हात लावणे म्हणजे स्वतःच्या उतारवयातून उसने घेणे होय.

राहता राहिला मार्ग शैक्षणिक कर्जाचा. तो त्याज्य नाही. सावकारापेक्षा आणि सहकाऱ्यांना जामीन ठेवून काढलेल्या महाग कर्जापेक्षा तो कितीतरी बरा. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत, निवडक दर्जेदार संस्थांत प्रवेश मिळालेल्यांना तारण व जामीन यांवाचून कर्ज आणि पात्र घरांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात ३ टक्के सवलत आहे. परंतु ‘नोकरी लागल्यावर फेडायचे’ या वाक्याने जो दिलासा वाटतो, त्याचे गणित घराघरांत समजून घेतले जात नाही. दरवर्षी १ लाख याप्रमाणे चार वर्षांत ४ लाख रुपये १० टक्के दराने घेतले आणि अभ्यासक्रमानंतर आणखी एक वर्ष हप्ता सुरू झाला नाही, तर सरळव्याजानेही पाच वर्षांत १ लाख ४० हजार रुपये व्याज चढते. मग ५ लाख ४० हजारांची फेड दहा वर्षांत करायची, तर हप्ता महिन्याला सुमारे ७ हजार १०० रुपये बसतो आणि एकूण साडेआठ लाखांहून अधिक रक्कम भरावी लागते. त्याऐवजी शिक्षण चालू असतानाच व्याज भरत गेल्यास पहिल्या वर्षी महिन्याला ८३३ रुपये पडतात, चौथ्या व पाचव्या वर्षी ३ हजार ३३३. तेवढे झेपले, तर पुढचा हप्ता सुमारे ५ हजार ३०० वर येतो आणि एकंदरीत ८० हजारांच्या आसपास बचत होते. हे गणित कर्जाच्या अर्जावर सही करण्यापूर्वी सांगितले जावे, ही अपेक्षा काही अवास्तव नव्हे.

राज्याच्या तिजोरीला एवढा भार सोसेल काय, असा प्रश्न विचारला जाईल, आणि तो अप्रस्तुत नाही. पण ज्या मुलीचे शुल्क भरण्यास शासन तयार आहे, ती राहण्याची सोय नाही म्हणून येऊच शकली नाही, तर माफीचा हेतूच विफल होतो. म्हणून आजच्या मागण्या मोठ्या खर्चाच्या असण्यापेक्षा नेमक्या असाव्यात. महाविद्यालये जेथे एकवटली आहेत, तेथे वसतिगृहांची, विशेषतः मुलींच्या वसतिगृहांची, संख्या वाढविणे ही पहिली. निर्वाहाची रक्कम शहरातील भाड्यांशी जोडून महिन्याच्या महिन्याला, आणि पहिला हप्ता प्रवेशाबरोबरच देणे ही दुसरी. उत्पन्नाच्या रेषेच्या जागी उतरती पायरी आणून ८ लाखांपुढे सवलत टप्प्याटप्प्याने कमी करणे ही तिसरी. प्रत्येक महाविद्यालयाने केवळ शुल्क नव्हे, तर राहण्याजेवण्यासह वर्षाचा एकूण अंदाजी खर्च माहितीपुस्तिकेत छापणे ही चौथी. या शेवटच्या मागणीला तर काही शाईपलीकडे खर्चही नाही.

कुटुंबांनीही एक जुनी सवय सोडली पाहिजे. मुलांपासून घरची ओढाताण लपविण्यात आईबापांना मोठेपणा वाटतो. मात्र सतरा-अठरा वर्षांच्या ज्या मुलावर चार वर्षांनंतर कर्जाची फेड येणार आहे, त्याला तो आकडा आजच कळला पाहिजे. आणि हा हिशेब मुलासाठी एक व मुलीसाठी दुसरा, असा असता कामा नये. शासनाने शुल्क माफ केले तरी ‘तिला एवढ्या लांब कशाला?’ हा प्रश्न घरातच विचारला जाणार असेल, तर कोणताही शासननिर्णय अपुराच ठरेल.

बोर्डिंगातील मुलांसाठी ज्या समाजात मंगळसूत्र मोडले गेले, त्या समाजाला आज कोणाकडे दागिना मागण्याची गरज नाही. वेळेवर मिळणारी निर्वाहाची रक्कम, राहायला एक खाट आणि दोन वेळचे जेवण एवढ्याचीच तजवीज करावयाची आहे. शुल्काचा निर्णय झाला. आता राहण्याजेवण्याचा व्हावा.